चालत्या मशीनला घाबरणारे जवाईबापू

सगळं सुरळीत चाललेलं पाहून ज्याच्या पोटात गोळा येतो असा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमच्या घरमालकांचा जावई होता. बिघडलेली वस्तू दिसली की हा गृहस्थ बारशाला आल्यासारखा खुलायचा. पण पंखा पहिल्याच खटक्याला लागला तर कपाळाला आठी. मग जवाईबापू बटण पाचसहा वेळा खालीवर करायचे, पंख्याकडे संशयाने पाहायचे आणि मला म्हणायचे, "भाऊ, बंद पडला त काऊन पडला ते कोनीबी पाह्यते. चालू झाला त काऊन झाला, ते कोन पाह्यल?" मे महिन्याचं चंद्रपूर, बाहेर दगड तापलेले. मी म्हणायचो, चालू आहे ना बाप्पा, चालू द्या. ते मान हलवायचे आणि पंखा बंद करून उघडायला घ्यायचे.

मी तेव्हा चंद्रपूरला हिवतापाच्या ऑफिसात कारकून होतो आणि एका निवृत्त मास्तरांच्या घरी दोन खोल्या घेऊन राहत होतो. मास्तरांची एकुलती लेक नागपूरला दिली होती. जावई तिथे कॉम्प्युटर शिकला, आणि आमच्या ऑफिसात ते मशीन आलं तसा त्याचं काम करायला म्हणून बायकोसह सासुरवाडीतच येऊन राहिला. जवाई म्हटला की त्याने पाटावर बसावं, सासूने वाढावं, त्याने नको म्हणावं. आमचे जवाईबापू पाटावर बसण्याआधी पाट चारही बाजूंनी दाबून बघत. घरी चालते ती वस्तू दुसऱ्याच्या घरी चालेलच, यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ब्रह्मपुरीला एका लग्नात यजमानांनी झोपायला खाट दिली, तर हे तिच्यावर दोन्ही पायांनी उभे राहून नाचले. खाट मोडली. यजमान कसनुसे होऊन पाहत राहिले, आणि जवाईबापू समाधानाने म्हणाले, बरं झालं, आत्ताच कळलं. त्यानंतर त्या घरून मास्तरांना कधी आमंत्रण आलं नाही.

खोट शोधायची त्यांची एक रीत होती. जे काही असेल ते अर्धं करायचं. अर्धं बाजूला ठेवायचं, उरलेल्यात खोट आहे का बघायचं. असली तर त्याचं पुन्हा अर्धं, नसली तर बाजूला ठेवलेल्याचं. कॉम्प्युटरच्या कामात ही रीत चालतही असेल. पण एका उन्हाळ्यात मास्तरांकडे घरचे-पाहुणे मिळून चौदा जण जमले होते. दुपारची जेवणं उरकून सगळे कूलरसमोर ओळीने आडवे झाले आणि त्यांतलं कुणीतरी घोरायला लागलं. तुम्ही आम्ही काय केलं असतं? कानावर उशी घेतली असती. जवाईबापूंनी सात जणांना हलकेच उठवून ओसरीवर नेऊन बसवलं. घोरणं चालूच. मग चार जण आणखी उठवले. मी खिडकीतून पाहिलं तर ओसरीवर अकरा माणसं घाम पुसत निमूट बसलेली, कशासाठी ते त्यांतल्या एकालाही ठाऊक नाही. शेवटी आत एकट्या सासूबाई उरल्या. "भेटलं," असं म्हणून जवाईबापू त्यांच्यापासून चार हातांवर आडवे झाले आणि गाढ झोपले. घोरणं बंद पाडायचं त्यांच्या मनातच नव्हतं. कुठून येतं एवढं कळलं की झालं.

दुसरी तऱ्हा पोस्टकार्डांची. ते प्रोग्राम लिहायचे सी नावाच्या भाषेत, आणि त्यात जागोजागी एक ओळ घालून ठेवायचे: 'इथपर्यंत आलो.' मशीन चालता चालता ही ओळ पडद्यावर दाखवत जायचं. मधेच पडलं, तर शेवटची ओळ कुठली दिसली तिच्या पुढे शोधायचं. इथवर शहाणपण आहे, मी नाही म्हणत नाही. पण हा माणूस चंद्रपूरहून गडचिरोलीला निघाला की वाटेत मूल गावच्या स्टँडवर उतरून बायकोला कार्ड टाकायचा: 'मूलपर्यंत आलो.' पुढे सावली गावाला पुन्हा: 'सावलीपर्यंत आलो.' कंडक्टर घंटी मारून मारून थकायचा. संध्याकाळी स्वतः घरी हजर, आणि कार्डं तिसऱ्या दिवशी. बायको ती कार्डं चहाच्या कपांवर झाकायला वापरायची. मी एकदा हसलो तर गंभीरपणे म्हणाले, "हसू नका, भाऊ. मी नाई पोचलो त ढुंढाले कुठून लागाचं, हे त मालूम पडन."

तर असा हा माणूस, आणि त्याच्या गळ्यात एक खरंच अवघड काम आलं. गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन काही वर्षं झाली होती, तरी तिकडच्या गावोगावच्या लोकांच्या रक्ताच्या काचा आमच्याकडेच तपासायला यायच्या. निकाल मशीनमध्ये भरले की जवाईबापूंचा प्रोग्राम प्रत्येक गावाची एक चिठ्ठी छापायचा: कुणाला हिवताप आहे, किती गोळ्या, आणि वर पत्ता म्हणून गावाचं पोस्ट. पोस्टाने चिठ्ठी गेली की तिथला कार्यकर्ता गोळ्या घेऊन जाई. आता गडचिरोलीला स्वतःचं मशीन आलं, वेगळ्या कंपनीचं, आमच्यापेक्षा मोठं. प्रोग्राम तिकडे न्यायचा होता, आणि तोही पावसाआधी. कारण नाले भरले की आलापल्लीच्या पुढची कितीतरी गावं दिवाळीपर्यंत तुटतात. गोळ्या पोचायच्या त्या त्याच्या आत. जवाईबापू, आमच्या ऑफिसचे साहेब आणि मी असे तिघे गेलो. तिथे काचा तपासणाऱ्या एक बाई नव्याने लागल्या होत्या, त्याच मुलखातल्या एका जंगलगावच्या. त्यांनी चहा दिला. जवाईबापूंनी खुर्ची चारही बाजूंनी हलवून पाहिली, बसले आणि प्रोग्राम चालू केला. दहा चिठ्ठ्या छापून मशीन आडवं झालं.

हा प्रोग्राम चंद्रपूरला दोन वर्षं एकदाही पडला नव्हता. साहेबांचा चेहरा उतरला. जवाईबापूंचा मात्र असा फुलला, जणू लेकाचं लग्न ठरलं. लागले अर्धं करायला. निम्मी गावं काढली, पडलं. उरलेल्यांतली निम्मी काढली, चाललं. चार दिवस मी गावांच्या याद्या कापत होतो आणि ते 'आलो, आलो' म्हणत पडद्याला नाक लावून बसले होते. अखेर सतरा गावं निघाली. त्यांतलं कुठलंही आलं की मशीन पडायचं. ती काढली की बाकीचा जिल्हा लोण्यासारखा निघायचा. साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. म्हणाले, झालं तर मग, सतराच गावं आहेत, वगळून टाका, पुढे हाताने बघू.

जवाईबापूंना चिडलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. आवाज चढला नाही, पण हातातला कप त्यांनी टेबल न तपासताच त्यावर ठेवला. "साहेब, गाव नाई वगळाचं," एवढंच म्हणाले. पण खोट काय ते त्यांनाही सापडेना. सतरा गावांत सारखं काय? काही मोठी, काही छोटी, काही नदीकाठची, काही डोंगरातली. शेवटी काचावाल्या बाईंनी यादी हातात घेतली, एकदा वाचली आणि म्हणाल्या, "या एकाबी गावाले पोस्ट नाई जी."

त्यासरशी जवाईबापू उठूनच उभे राहिले. मग मला उलगडून सांगितलं. प्रोग्राम पोस्टाचं नाव शोधायला मशीनच्या आठवणीतल्या एका ठरलेल्या घराचा नंबर घेऊन जातो. पोस्टच नसेल तर तो नंबर असतो शून्य. आमचं चंद्रपूरचं मशीन शून्य नंबरच्या घरातही शिरायचं, तिथे काही नाही म्हणून कोरी जागा छापायचं आणि पुढे जायचं. गडचिरोलीचं मशीन कडक. शून्य नंबरला कुणी गेलं की ते तिथेच सगळं थांबवायचं. चूक दोन्हीकडे तीच होती. साहेब म्हणाले, मग इथेही कोरी जागा छापायला सांगा, संपलं. दोन ओळींचं तर काम. पण जवाईबापू माझ्याकडे वळले आणि त्यांनी विचारलं, "भाऊ, चंद्रपूरले कोऱ्या पत्त्याच्या चिठ्ठ्या निघत असन. त्याईचं काय होते?"

आता काय सांगू? टपाल मीच करायचो. कोऱ्या पत्त्याच्या चिठ्ठ्या निघायच्या, आणि मी त्या खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचो. पत्ता आला की पाठवू, असं म्हणून. दोन वर्षं. ड्रॉवर भरला तेव्हा मी एक दोरी आणून गठ्ठा नीट बांधलासुद्धा. मी ते कसंबसं बोललो. काचावाल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "माहं गाव यायच्यातच हाय. दोन साल चिठ्ठी नाई आली. आमाले वाटलं, कोनालेच हिवताप नाई." मला जमिनीने गिळलं असतं तर बरं, असं झालं. त्या दोन वर्षांत तिकडे काय झालं ते मी बाईंना कधीच विचारलं नाही. धीर झाला नाही.

पुढचं बाईंनीच सुचवलं. पोस्ट नसलं तरी प्रत्येक गावाचा एक आठवडी बाजार ठरलेला असतो, आणि मीठमिरची घ्यायला कुणी ना कुणी तिथे येतंच. बाईंनी सतरा गावांचे सतरा बाजार घडाघडा सांगितले. जवाईबापूंनी पोस्टाच्या जागी ते भरले, दोनदा चालवलं, तिसऱ्यांदा मुद्दाम बाजाराचं नाव खोडून पाडून बघितलं, आणि मगच हात झटकले. चिठ्ठ्या आणि गोळ्या बाजारातल्या दुकानदारांमार्फत निघाल्या. प्रत्येक चिठ्ठीला त्यांनी स्वतःच्या हाताने एकेक पोस्टकार्ड टाचलं होतं, आमच्या ऑफिसचा पत्ता घालून. मागे एकच ओळ: 'चिठ्ठी इथपर्यंत आली.' गावात पोचली की पुढच्या बाजाराला ते पेटीत टाकायचं. मी या खेपेला हसलो नाही.

कार्डं येऊ लागली. कुणावर हळदीचे डाग, कुणावर अंगठा. पावसाने नाले भरेपर्यंत सोळा आली. त्याच सुमारास जवाईबापूंना हैदराबादला नोकरी लागली. सामान बांधताना त्यांनी घरातले पंखे एकदा उघडून जोडले, सासूबाईंच्या पाया पडले आणि निघताना मला म्हणाले, "एक राह्यलं, भाऊ. बाकी चालून राह्यलं म्हनून त्याले सोडू नका." मग बल्लारशाहून कार्ड आलं, काझीपेठहून आलं, सिकंदराबादहून आलं. सासूबाई ती तिन्ही उशाखाली ठेवत. कपांवर झाकायला कुणी घेतली नाहीत. घर कसं छान शांत झालं होतं, पंखे पहिल्या खटक्याला लागत होते, आणि मला करमत नव्हतं.

सतरावं कार्ड दिवाळीनंतर आलं. एक कोपरा वाळवीने खाल्लेला. छापल्यासारख्या त्या एका ओळीखाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'गोळ्या भेटल्या. अजून पाठवा.' मी ते घेऊन गडचिरोलीच्या बाईंना दाखवून आलो, गोळ्यांची सोय लावून आलो. परतताना मूलच्या स्टँडवर गाडी थांबली, तसा खाली उतरलो आणि हैदराबादच्या पत्त्यावर एक कार्ड टाकलं. कंडक्टर घंटी मारत होता. त्याला म्हटलं, थांब बाप्पा, एका माणसाला कळवायचं आहे.