जे दिसते तेच तपासा

ग्रुपवर कोणी रसायनशास्त्रातलं असेल तर कृपया हे शेवटपर्यंत वाचा.

आज राजुऱ्याजवळच्या एका गावातल्या शेवंताबाईंबरोबर चंद्रपूरच्या प्रयोगशाळेत गेले होते. त्यांचं घर तलावातल्या मासोळीवर चालतं. मागे खाणीवरच्या डिझेलच्या टाकीला आग लागली आणि ती विझवायला मारलेला फेस नाल्यातून तलावात उतरला. तेव्हापासून बाजारात त्यांची मासोळी कोणी घेत नाही. पाणी चांगलं असल्याचा कागद त्यांना हवा होता.

तिथले केमिस्ट म्हणाले, "फ्लोराइडची तपासणी उद्याच करून देतो. अहवाल बहुतेक चांगला येईल. पण आग विझवायच्या फेसातलं घातक फ्लोरिन कार्बनला घट्ट चिकटलेलं असतं, ते या तपासणीत दिसतच नाही. त्याची पद्धत वेगळी, यंत्र वेगळं. नमुना बाहेर पाठवावा लागेल. महिने जातील."

"मंग जे दिसते तेच तपासा ना, भाऊ," शेवंताबाई म्हणाल्या.

मी मध्ये पडले. म्हटलं, त्या कागदाला काही अर्थ नाही, नमुना बाहेरच पाठवू.

"अन् तोवर मासोळी कोन घेईन? तुमी घेता, बाई?"

शेवंताबाईंनी तलावाच्या पाण्याची बाटली फ्लोराइडच्या तपासणीला दिली.

उद्याच्या अहवालात एकही आकडा खोटा नसेल. तो दाखवून त्या मासोळी विकतील. घरी तर ती रोज शिजतेच आहे.

त्याच पाण्याची दुसरी बाटली मी माझ्याबरोबर आणली आहे. ती कुठे पाठवायची ते सांगा. आणि उत्तर वाईट आलं, तर ते शेवंताबाईंना कोणत्या तोंडाने सांगायचं, तेही.