बॅटरीवरची नको, ओढायची दाखवा

मी हट्टी आहे. माहेरी नांदेडला याला आडमुठेपणा म्हणायचे. लग्नानंतर लातूरला येऊन क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायला लागले, तेव्हापासून त्याच गोष्टीला शिस्त म्हणतात. पालक तर मुद्दाम विचारतात, मॅडम कडक आहेत ना? हो, आहेत. पण घरातल्या आठ वर्षांच्या मुलीपुढे हा कडकपणा कसा फुसका ठरला आणि मग मला एका खेळण्यातल्या बंदुकीच्या मागे दोन शहरं कशी पालथी घालावी लागली, ते सांगते.

दिवाळीच्या सुट्टीत माझी मुलगी नांदेडला आजीच्या घरी पेरूच्या झाडावरून पडली. डावं कोपर मोडलं. प्लास्टर झालं, यथावकाश निघालं, हाडही नीट जुळून आलं. हात मात्र प्लास्टर अजून आहेच अशा थाटात वाकलेला राहिला. पुढे कर म्हटलं की थोडा उघडायचा आणि मध्येच अडायचा. नांदेडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मोकळा होईल. पण एक लक्षात ठेवा. कुणी तो ओढायचा नाही, दाबायचा नाही, आणि मालिश तर अजिबात नाही. हात तिनं स्वतः हलवायचा. खेळता खेळता हलला तर सगळ्यात चांगलं."

आता मराठवाड्यात मोडलेल्या हाताला मालिश नको म्हणणं म्हणजे लग्नात जेवण नको म्हणण्यासारखंच आहे. जो भेटेल तो तेल सुचवायचा. कुणाचं करडईचं, कुणाचं लसूण जाळून केलेलं, कुणाच्या ओळखीची मालिशवाली बाई. खुद्द माझी आई वाटीत कोमट तेल घेऊन पोरीच्या मागे फिरत होती. "दोन बोटं लावू दे की गं. तुला काय आम्ही तेल न लावताच वाढवलं का?" मी वाटी काढून घेतली आणि ते तेल सरळ देवापुढच्या समईत ओतलं. आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मला वाईट वाटलं, पण वाटी परत दिली नाही.

तेलवाल्यांना आवरणं त्या मानाने सोपं होतं. पोरीला हलवणं अवघड. व्यायाम म्हटलं की तिचा चेहरा दगडासारखा व्हायचा. भिंतीवर बोटं चढव, चेंडू दे, टॉवेल पीळ, सगळं ती उजव्या हाताने करायची आणि डावा हात फ्रॉकच्या खिशात ठेवायची. उजव्या हाताने वेणी सोडायला शिकली, दप्तर अडकवायला शिकली. बघणाऱ्यांना कौतुक वाटायचं, "किती हुशार हो!" मला नाही. हाड जुळलं होतं, त्याची चिंता नव्हती. तिला त्या हातावाचून जमायला लागलं होतं, याची भीती होती. सवय एकदा मुरली की हात तसाच वाकडा राहणार आणि ती तो जन्मभर खिशात ठेवणार, हे मला उघड्या डोळ्यांनी दिसत होतं.

अशात एका संध्याकाळी समोरच्या घरातली मुलं फोमच्या गोळ्यांच्या बंदुका घेऊन गल्लीत धुमाकूळ घालत होती. त्यातल्या एका बंदुकीला पुढे सरकती मूठ होती. उजवा हात खटक्यावर, डाव्या हाताने ती मूठ मागे खेचायची, पुढे ढकलायची, मग गोळी सुटायची. मी गॅलरीतच थबकले. स्वयंपाकघरात गेले, लाटणं घेतलं आणि तसं करून पाहिलं. मागे खेचलं की कोपर मिटतं. पुढे ढकललं की उघडतं. आणि बंदुकीला मागे खांद्याशी टेकवायचा दस्ता असेल, तर सगळी बंदूकच पुढे जाते आणि हाताला आणखी लांब पोचावं लागतं. नवरा दुकानातून आला तेव्हा मी ट्यूबलाइटवर नेम धरून उभी होते. "काय चाललंय?" त्याने विचारलं. "व्यायाम," मी म्हटलं. त्याने पुढे काही विचारलं नाही. डाळीच्या धंद्यातली माणसं शांत असतात.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या हसल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत. स्प्रिंग हलकी हवी, दुखलं की थांबायचं, डोळ्यांवर चष्मा घालायचा, एवढं बजावलं.

झालं, शोध सुरू झाला. लातूरच्या मुख्य बाजारातली, गंजगोलाईतली खेळण्यांची दुकानं मी एकेक करून पाहिली. सगळीकडे एकच, बॅटरीवरची. दाबलं की धडाधड सुटते, दिवे लागतात, आवाज येतो. "मॅडम, लेटेस्ट हाय. लेकराला कायीच कष्ट न्हाईत बघा." मला कष्टच हवे होते, हे त्याला कसं सांगणार? ओढायची मागितली की दुकानदार माझ्याकडे कीव करत बघायचे. एकाकडे ओढायची निघाली, पण तिची स्प्रिंग इतकी ताठ की माझाच दंड भरून आला. दुसरी हलकी होती, पण अखंड, तिला लांब-आखूड करायची सोयच नव्हती. मोबाइलवर चित्रं पुष्कळ होती. पण स्प्रिंगचा ताण चित्रात कळत नाही, आणि चुकीची येऊन पोरीचा हात दुखला असता तर ती पुन्हा हात लावणार नव्हती. मला संधी एकदाच मिळणार होती. घरचे म्हणाले, मिळत नाही तर जाऊ दे. मी जाऊ दिलं नाही.

पुढच्या तपासणीला नांदेडला गेलो तेव्हा दवाखान्यातून थेट गुरुद्वाऱ्याकडच्या बाजारात गेले, पोरीला घेऊन. तिथे यात्रेकरूंच्या लेकरांसाठी खेळण्यांची दुकानं ओळीने आहेत. तिसऱ्या की चौथ्या दुकानात मी दारातूनच सांगितलं, "बॅटरीवरची नको, ओढायची दाखवा. सुटे भाग जोडता येतील अशी."

दुकानदार म्हातारा आणि चेष्टेखोर होता. "ताई, लढाईला चालल्या का?"

"चाललेच आहे," मी म्हटलं.

त्याने माळ्यावरून एक खोका काढला. निळी-नारिंगी बंदूक, पुढे सरकती मूठ. सोबत पिशवीत सुटे भाग होते, पुढे बसवायची जास्तीची नळी, वर बसवायची नेम धरायची चौकट, आणि मागचा दस्ता, तोही टप्प्याटप्प्याने लांब होणारा. मी मूठ ओढून पाहिली. डाव्या हाताने, बोटं सैल ठेवून, मग डोळे मिटून. बाकीची गिऱ्हाइकं बघत राहिली. स्प्रिंग मऊ होती. मला इतका आनंद झाला की खोका छातीशीच धरला.

आणि पोरगी म्हणाली, "मला ही नको. मला ती लाइटवाली पाहिजे."

लाइटवाली म्हणजे बॅटरीवरची. काचेत लखलखत होती. क्लासमध्ये शेकडो पोरांना गप्प करणारी मी, तिथे माझा आवाज चढला. "ही म्हणजे हीच!" तिने डावा हात खिशात घातला आणि पाठ फिरवली. म्हाताऱ्याने आम्हा दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "दोघीबी एकाच मातीच्या हायेत की," तो म्हणाला.

मी गुडघ्यावर बसले आणि पिशवीतले भाग काउंटरवर मांडले. "ती आहे तशीच राहते," मी म्हटलं. "ही कशी दिसायची ते ठरवावं लागतं. ते तू ठरवायचं. मी मध्ये पडणार नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

तिने बराच वेळ ते भाग उलटसुलट केले. डावा हात खिशातून बाहेर आला, कारण एका हाताने नळी बसत नव्हती. मी दुसरीकडे बघत राहिले. घेतली.

घरी आल्यावर तिने पहिलं काम काय केलं असेल? दस्ता काढून टाकला. नळीही काढली. बंदूक वीतभर उरली आणि ती पोटाशी धरून, कोपर मिटलेलंच ठेवून, खटखट ओढायला लागली. माझ्या लाटण्यावरच्या सगळ्या अभ्यासावर पाणी पडलं. "दस्ता लाव ना," असं जिभेवर आलं होतं. पण मध्ये पडणार नाही म्हणून बसले होते. स्वयंपाकघरात गेले आणि त्याच लाटण्याने पोळ्या लाटल्या.

मदत आली ती नको म्हणणाऱ्याकडून. माझे सासरे, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, बंदुकीवर नाराज होते. रोज सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करणारा माणूस, त्यांच्या घरात बंदूक! "सूनबाई, लेकराला बाहुली न्हाई मिळाली का गं?" असं म्हणून ते पेपर उघडून गच्चीत बसले. पोरीने त्या पेपरावरच नेम धरला. गोळी दोन हातांवर जाऊन पडली.

"लागलं का?" ती ओरडली.

"न्हाई बा. कशाचं लागतंय! लई मरतुकडी हाय तुझी बंदूक." आणि त्यांनी पान उलटलं.

हे तिला झोंबलं. दुसऱ्या दिवशी तिने नळी लावली. गोळी पुढे गेली, पण हात हलल्यामुळे नेम चुकला. आप्पा पेपरामागून म्हणाले, "हाव, कावळा जखमी झाला बघ." तिसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन माझ्याकडे आली. "मम्मी, हे मागचं कसं लावतात?" मी लावून दिलं, सगळ्यात आखूड टप्प्यावर.

मग तो रोजचा खेळ झाला. क्लासवरून आले की मी गच्चीच्या दारात चहा घेऊन उभी राहायची आणि तिचं कोपर बघायची. ओढ, ढकल. मिट, उघड. कधी ती कळवळून थांबायची, हात झटकायची. मी पुढे व्हायची नाही, चहाचा कप घट्ट धरायची. आप्पा खुर्ची रोज थोडी मागे सरकवायचे. ते मुद्दाम करत होते का, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. खुर्ची मागे गेली की पोरगी नेमासाठी दस्ता आणखी एक टप्पा ओढायची. हात लांब होत गेला. पण शेवटचा थोडासा बाक काही केल्या जाईना. दस्ता शेवटच्या टप्प्याला आला, बंदूक आणखी लांब होणार नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, राहिलं तर एवढं राहील, काही अडणार नाही. माझं अडत होतं.

मग एका रविवारी तिने हद्द केली. आप्पा पूजा आटोपून, कपाळाला विभूती लावून प्रसादाची केळी सोलत होते, आणि गोळी नेमकी केळ्याला लागली. केळं परातीत पडलं. पोरगी नाचायला लागली. आप्पा उठले, तिच्या हातातली बंदूक काढून घेतली आणि कपाटावर टाकली, पार मागे भिंतीजवळ. "आता बस बोंबलत."

ती बोंबलली नाही. पलंगाच्या कडेवर चढली, उजव्या हाताने कपाटाची मूठ धरली आणि डावा हात वर टाकला. बोटं बंदुकीला लागेनात. तिने टाचा उचलल्या, ओठ दुमडले, आणि हात आणखी वर गेला. बाही खांद्यापर्यंत सरकली. मी दारात होते. खांद्यापासून बोटांपर्यंत तो हात एका रेषेत उभा होता. बाक कुठे होता ते मला शोधूनही सापडेना.

"थांब!" मी किंचाळले. "तश्शीच थांब! हात खाली घेऊ नको!"

मला तो हात बघायचा होता. डोळ्यांत पाणी आल्यामुळे नीट दिसत नव्हता. पोरीने तोवर बंदूक ओढून घेतली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, वैतागून, मी अगदीच बावळट असल्यासारखं.

"मम्मी, हात काय बघायलीस? आप्पांना धर ना! ते पळून चाललेत!"

आप्पा खरंच केळं हातात घेऊन गॅलरीकडे निघाले होते. लग्न होऊन आले तेव्हापासून या माणसासमोर मी कधी मोठ्याने हसले नव्हते, पदर सोडून उभी राहिले नव्हते. मी धावले आणि त्यांच्या बंडीचं टोक मागून धरलं.

"सूनबाई! सोड की गं! सोड म्हन्तो न्हवं!"

सोडलं नाही.