हरिदासभाऊंचं नाक

हरिदास मेश्राम बत्तीस वर्षं सरकारी पशुदवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर होते. रिटायर झाले तरी चौबे कॉलोनीतलं कुठलंही छोटं कुत्रं कान खाजवू लागलं, की त्याला भाऊंच्याच व्हरांड्यात आणत. कारण भाऊंचं नाक. कान उलटा करायचा, नाक जवळ न्यायचं आणि सांगून टाकायचं. आंबूस, शिळ्या पावासारखा वास म्हणजे फंगस. पुसून चार थेंब टाकले की भागतं. सडका वास म्हणजे आत पू. मग हात न लावता थेट डॉक्टरकडे. या विद्येचा भाऊंना गर्व होता, आणि का नसावा?

यंदाच्या उन्हाळ्यात त्यांना ताप आला. तो उतरला, पण जाताना नाकातला वास घेऊन गेला. भाऊंनी कोणाला पत्ता लागू दिला नाही. ज्या एका गोष्टीसाठी चार लोक नाव घेतात तीच गेली, तर माणूस काय दवंडी पिटणार? टॉर्च मारून, मळाचा रंग बघून ते अंदाजपंचे निभावून नेत होते.

एका रविवारी शेजारची नीलिमा आपली ल्हासा कुत्री, चिंगी, घेऊन आली. "अंकल, सुबह से सिर झटक रही है."

भाऊंनी सवयीने नाक टेकवलं. काहीच नाही. मळ तपकिरी दिसला. तीन-चार कानांवर अंदाज बरोबर निघाला होता, हाही निघेल असं म्हणत त्यांनी औषधाची बाटली उघडली.

तेवढ्यात यशदीपची आई बाहेर आली. बायकोला ते असंच, मुलाच्या नावाने, म्हणत. कुत्र्याचा एक केस दिसला तरी घर धुऊन काढणारी ही बाई चिंगीच्या कानाशी वाकली आणि तिने नाकाला पदर लावला.

"टाकू नका ते. सडका वास येऊन राहिला. उंदीर मेल्यावानी."

नीलिमाला हे मराठी धड कळलं नाही; भाऊंनी बाटली बंद करून "डॉक्टर के पास ले जाओ" म्हटलं, तशी ती निघाली. भाऊ मान खाली घालून बसले.

"तुले कधी समजलं?"

"वरण करपलं त्या दिवशी. तुम्ही दोनदा मागून खाल्लं."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुम्ही कुठं बोलले?"

संध्याकाळी नीलिमाचा फोन आला. चिंगीच्या कानाच्या पडद्याला भोक पडलं होतं. ते औषध आत गेलं असतं तर कान कायमचा बहिरा झाला असता. "डॉक्टर पूछ रहे थे अंकल, किसने पहचाना?"

मीच, असं म्हणणं अगदी सोपं होतं. नीलिमा तरी कुठे वेगळं समजत होती?

"मुझे तीन महीने से महक नहीं आती, बेटा," ते म्हणाले. "सत्यभामा ने पहचाना."

लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती. परक्यासमोर तिचं नाव त्यांनी आज पहिल्यांदा घेतलं. आत पोळ्या लाटणारे हात थांबले, आणि तव्यावरची पोळी तशीच राहून गेली.