स्टेशन म्हणजे काचीगुडा

मे महिन्यातल्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी आमची गाडी हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनच्या आवारात शिरली. धाकट्या बहिणीची पुण्याची गाडी नामपल्लीहून सुटणार होती. सुटायला पंचवीस मिनिटे उरली होती.

भाड्याच्या त्या टेम्पो ट्रॅव्हलरमधून आम्ही बारा जण तीन आठवडे फिरत होतो. विजापूर, बेळगाव, मालवण, कोल्हापूर, सोलापूर असा मोठा फेरा त्या दिवशी संपला. बहीण पुण्याची; नवरा आणि मुलगा घरी ठेवून ती सुट्टीभर आमच्याबरोबर आली होती. सोमवारी सकाळी नऊ वाजता तिला पुण्यातल्या एका खाजगी शाळेत हजर व्हायचे होते. नऊ वर्षांनी नोकरी मिळाली होती. भूगोल हा तिचा विषय. शाळेने कळवले होते की सोमवारी सकाळी बैठकीत वर्ग आणि विषय वाटून दिले जातील.

रविवारी सकाळी आम्ही सोलापूरला होतो. तिथून पुणे बसने चार-पाच तासांवर आहे. आमचे घर हैदराबादला; तेही तेवढेच किंवा थोडे जास्त, पण उलट्या दिशेला. लॉजच्या जिन्यात बहीण आईला म्हणाली, "आई, मी इथूनच बस पकडते. दुपारी घरी पोचेन, उद्याची तयारी तरी होईल."

आई चपला घालत होती. "वाटेतून? माहेरवाशीण वाटेतून जात नसते. घरी चल, ओटी भरते, मग जा."

"मग इथेच भर ना."

"लॉजमध्ये ओटी? काय बोलतेस तू."

मोठा भाऊ सामान चढवत होता. "खामखा कायको परेशान होतेस? रात्रीचं तिकीट काढलेलं आहे ना? सकाळी पुण्यात. भूगोलाच्या बाई, तुम्हीच सांगा किती तास लागतील ते."

"पुण्याला जायला हैदराबादला जायचं, हे कुठल्या भूगोलात आहे, दादा?"

सगळे हसले. बहीणही हसली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.

सातला निघायचे ठरले होते, नऊ वाजले. उमरग्याला चहा झाला. तिथून पुढे एका मुलाला गाडी लागली, तेव्हा अर्धा तास झाडाखाली थांबलो. जहिराबादला जेवण. जेवणानंतर आईला कुणीतरी सांगितलेले मारुतीचे देऊळ शोधण्यात आणखी वेळ गेला; ते सापडले तेव्हा बंद होते. बहीण देवळाच्या पायरीवर उभी राहून म्हणाली, "दादा, निघायचं का आता?" भाऊ म्हणाला, "हौ हौ, निघालोच." त्यानंतर वहिनीने आंबे घेतले.

पटणचेरूपासून रस्ता तुंबला होता. लकडी का पूल येईपर्यंत उन्हे उतरली होती. तिथून नामपल्ली स्टेशन दोन किलोमीटरही नाही. बहिणीने पुढे वाकून एवढेच विचारले, "घरी जायलाच हवं का?" आईने वळून पाहिले नाही. "एवढ्यासाठी तर आलीस," ती म्हणाली. गाडी घराकडे, हिमायतनगरच्या दिशेने वळली.

नल्लकुंट्याचे घर तीन आठवडे बंद होते. नळाला पाणी नव्हते. आईने बाटलीतल्या पाण्याने देवासमोरची फरशी पुसली आणि पाट मांडला. खण होता, तांदूळ होते, हळदकुंकू होते. नारळ नव्हता. मालवणहून आणलेले पोतेभर नारळ गाडीच्या टपावर, ताडपत्रीखाली, सगळ्या बॅगांच्या तळाशी होते. भाऊ आणि मी दोऱ्या सोडून बॅगा खाली उतरवल्या. त्या गडबडीत बहिणीची बॅग वहिनीच्या सामानाबरोबर वरच्या मजल्यावर गेली आणि पुन्हा खाली आली. ओटी भरायला दोन मिनिटे लागली. बहीण आईच्या पाया पडली.

गाडीत भाऊ ड्रायव्हरशेजारी बसला. आई, बहीण आणि मी मागे. बहीण मागच्या सीटवर नारळ आणि खण बॅगेत बसवत होती. चेन लागत नव्हती.

"दादा, स्टेशन," ती मान खाली घालून म्हणाली. "जल्दी."

"टेशन चलो, भाई," भाऊ ड्रायव्हरला म्हणाला.

आमच्या घरात काचीगुड्याला कधी कुणी काचीगुडा म्हटलेले नाही. ते स्टेशन. बाकीची दोन नावाने ओळखली जातात: नामपल्ली आणि सिकंदराबाद. वडिलांच्या वेळेपासून असेच आहे. नांदेडची, परभणीची सगळी माणसे तिथेच उतरत. ड्रायव्हर आमच्याच गल्लीतला होता. त्यानेही काही विचारले नाही.

गाडी थांबल्यावर बहिणीने मान वर केली. समोर काचीगुड्याचे पांढरे घुमट होते.

"हे काय? नामपल्ली, दादा! माझी गाडी नामपल्लीहून आहे!"

"तू स्टेशन म्हणालीस."

"स्टेशन म्हणाले. हे स्टेशन कुठे म्हणाले?"

"स्टेशन म्हणजे हेच ना! नामपल्ली असेल तर नामपल्ली म्हणायचं."

"तिकीट महिनाभर तुझ्या फोनवर आहे. एकदा उघडून पाहिलं असतंस."

"पुण्याची माणसं झालात तुम्ही," आई मध्येच म्हणाली. "घरचे शब्द विसरलात."

ड्रायव्हरने गाडी वळवली.

काचीगुड्याहून नामपल्लीचा रस्ता कोटीवरून जातो. रविवार संध्याकाळ होती. फुटपाथवरचा बाजार रस्त्यावर आला होता. जामबागच्या वळणावर एक रिक्षा आणि एक हातगाडी एकमेकांत अडकली होती आणि दोघांपैकी कुणीही मागे घ्यायला तयार नव्हते. भाऊ उतरून ओरडत पुढे गेला. बहिणीने बॅग मांडीवर घेतली आणि दाराचा दांडा धरून बसली. "मी चालत जाऊ?" तिने मला विचारले. अंतर मोठे होते. मी नाही म्हणालो. आई जपमाळ काढून बसली होती.

आम्ही फलाटावर पोचलो तेव्हा तिथे पुढच्या गाडीची घोषणा चालू होती. पुण्याची गाडी वेळेवर सुटली होती.

लकडी का पूलवरून सुटणाऱ्या रात्रीच्या बसमध्ये तिला ड्रायव्हरच्या केबिनमधली जागा मिळाली. बस सुटायला दीड तास होता. भाऊ बिर्याणीचे पार्सल घेऊन आला. "सकाळी पोचतेच ना? आठ नाही तर दहा," तो म्हणाला.

"बैठक नऊला आहे."

"फोन करून सांग की."

तिने मुख्याध्यापिकांना फोन लावला. तो उचलला गेला नाही. तिने मेसेज पाठवला. बस सुटताना आईने खिडकीतून तिच्या केसांवरून हात फिरवला आणि विचारले, "नारळ नीट ठेवलास ना?"

"ठेवला, आई."

सोमवारी बस साडेदहाला पुण्यात पोचली आणि बहीण सव्वाअकराला शाळेत. बैठक संपली होती. भूगोलाचे सगळे वर्ग दुसऱ्या बाईंना दिले होते. त्या वर्षासाठी तिच्या वाट्याला मूल्यशिक्षण आणि गैरहजर शिक्षकांचे ऑफ तास आले.