आत्यानं ठेवलेली माया

माझ्या आत्याला कारखान्यात सगळे मास्तर म्हणतात. कापड कापणारा तो मास्तर, मग तो बाई का असेना. नवीन आलेली एखादी पोर चुकून 'मास्तरीणबाई' म्हणाली, की आत्या कात्री टेबलावर ठेवते आणि म्हणते, "मास्तरीणबाई शाळेत. इथे मास्तर."

शाळांचे गणवेश शिवायचा तो कारखाना. बारा मशिनी, वर मालकांची काचेची खोली, आणि मधोमध कटिंगचं लांबलचक टेबल. शिवणाऱ्या बायका बसून काम करतात, पण कटिंग उभ्यानंच. कापडाचे चाळीस थर एकावर एक टाकायचे, वरच्या थरावर खडूनं आखायचं आणि सगळे एका दमात कापायचे. हात हलला तर चाळीस मुलांचा एकेक खांदा आखूड. बावीस वर्षांत आत्याचा हात हलला नव्हता. गुडघे मात्र हलेनासे झाले.

हाडांचे डॉक्टर शब्द मोजून बोलतात, जणू जास्तीचे त्यांच्या पगारातून कापले जातात. "वजन चौऱ्याण्णव. ब्याऐंशी आणा. शुगर आटोक्यात. मग ऑपरेशन. तोवर नाही."

"आणि नाही आणलं तर?"

"बसून करायचं काम बघा."

जिना उतरताना आत्या प्रत्येक पायरीवर थांबत होती आणि प्रत्येक पायरीवर तेच म्हणत होती. "बसून करायचं काम! म्हणजे दुसऱ्यानं कापलेलं मी शिवू?"

वजन कमी करणं सोपं नव्हतं, कारण आत्याच्या अंगात शुगर, प्रेशर, थायरॉइड आणि संधिवात असे चौघं राहतात. "घर माझं," ती म्हणते, "पण भाडेकरू चार, आणि एकही जागा सोडायला तयार नाही." चौघांच्या गोळ्या ती बटणांच्या खणाच्या डब्यात ठेवते. सकाळचा खण, दुपारचा खण, रात्रीचा खण. शिवाय सकाळी इन्सुलिनचं पेन.

सल्ले तर फुकट मिळत होते. आहारवाल्या मॅडम प्रत्येक शब्दाला झोका देऊन बोलायच्या. "ताऽऽई, रात्री आपण काऽऽय घ्यायचं? फक्त सूऽऽप!" शेजारचे काका दारातूनच ओरडायचे, "लिंबूपाणी घ्या मास्तर! माझ्या साडूच्या मेव्हणीचं दहा किलो उतरलं!"

आत्यानं क्षणभर बोटांवर नाती मोजली. "साडूची मेव्हणी म्हणजे तुमची बायकोच की हो! थांबा, त्यांनाच विचारून येते."

काका आत गेले ते दोन दिवस दिसले नाहीत.

घरात माझी आई पातेल्यावर पळी धरून उभी. "वन्सं, एवढंच वाढते हं." आणि बाबा आत्याच्या वाटणीचं स्वतःच्या ताटात ओढत म्हणायचे, "ताई, मन घट्ट करायला हवं." आत्या मन घट्ट करायची, बाबांचा पट्टा घट्ट व्हायचा.

पण खरी गोची अकराच्या सुमाराला. कमी खाल्लं की इन्सुलिनमुळे शुगर धाडकन उतरायची, हात थरथरायला लागायचे, मग जिभेखाली साखर आणि वर दोन बिस्किटं. नेमके तेव्हाच मालक जिना उतरायचे. "म्हणजे काय आहे ना मास्तर, डाएट चालू आहे ना आपलं?"

"चालू आहे मालक. बिस्किटं तुमच्या चाळीस सदऱ्यांसाठी खातेय."

सगळ्या मशिनी एकदम थांबून हसायच्या. हसली नाही ती आत्या. दोन महिन्यांत तिचं दीड किलो उतरलं होतं.

आणि मग अचानक वजन धडाधड उतरायला लागलं. एका महिन्यात साडेपाच किलो! दर सोमवारी ती कारखान्यातल्या पार्सलच्या काट्यावर उभी राहायची आणि बायका टाळ्या वाजवायच्या. आई म्हणाली, "वन्सं, गाल बसले की तुमचे!" बाबा म्हणाले, "बघ, मनावर घेतलंस म्हणून झालं." आत्या तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती, तासाला दोनदा उठत होती, कापडाच्या ताग्यावर बसल्या बसल्या डुलक्या घेत होती. आम्ही म्हटलं, व्यायामाचा थकवा.

एका बुधवारी तिला खडूची एक रेघ दोन दिसली. तिनं त्यातली एक निवडली. चाळीस सदऱ्यांची एकेक बाही आखूड निघाली.

मालक ओरडलेसुद्धा नाहीत, आणि त्यामुळेच सगळे घाबरले. संध्याकाळी मी आत्याबरोबर शुगरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या हळू बोलतात, आणि त्यांच्याकडे तीन प्रकारचे 'बरं' आहेत. बोटातलं रक्त तपासून त्यांनी तिसरा काढला. "बऽरं." शुगर चारशे बारा होती.

"इन्सुलिन किती घेता?"

"तुम्ही सांगितलंत तेच. चोवीस."

"पेन लावून दाखवा."

आत्यानं पेनाची चकती फिरवली. प्रत्येक युनिटला कट्. कट्, कट्, कट्. मी मनात मोजत होते. सोळाला आवाज थांबला.

"हे सोळा झाले."

"हो," आत्या अगदी साधेपणानं म्हणाली. "आठ माया ठेवली."

"माया? कोणावर?"

आत्याला हसूच आलं. "अहो, शिवणीतली माया! शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतो ना आपण, पुढे घट्ट झालं तर सोडता येतं. इन्सुलिननं वजन वाढतं असं कळलं. म्हटलं, एकदम सगळं कशाला वापरा? आठ हातचे ठेवू, लागले तर सोडू. आणि वजन उतरलं की नाही!"

डॉक्टरीणबाईंनी पेन काढून घेतलं. "मास्तर, हे कापड नाही. वजन उतरलं नाही, तुमची साखर लघवीवाटे वाहून गेली आणि जाताना अंगातली ताकद घेऊन गेली. आणखी आठ दिवस गेले असते तर तुम्ही इथे चालत आला नसतात."

आत्या खाली बघत म्हणाली, "मला ऑपरेशन हवंय हो. मी तरी काय करू? तोंड आवरतेय, तरी उतरत नाही."

"कोण म्हणालं तोंडाचा दोष आहे? संधिवाताची जी गोळी तुम्ही चार वर्षं घेताय, तिनं भूक वाढते, अंगात पाणी साठतं, शुगरही चढते. वजनातला निम्मा वाटा औषधांचा असेल. तो तुम्ही एकट्यानं कापायचा नाही. मी आणि संधिवाताचे डॉक्टर मिळून कापू. हळूहळू."

आत्यानं चष्मा काढला आणि ओढणीच्या टोकानं उगीचच पुसत राहिली. तीन महिने पळी, सूप, लिंबूपाणी, मन घट्ट. एवढ्यांत हे एकानंही सांगितलं नव्हतं. आमच्यातलं तर कोणीच नाही.

चोवीस सुरू झाले आणि पहिल्या सोमवारी काटा अडीच किलोनं वर गेला. टाळ्या नाहीत. "वाढलं?" बाबा. "वाढलं," आत्या, जणू पावणेचारला नळाला पाणी आलं अशा आवाजात. संधिवाताची गोळी दोन-तीन महिन्यांनी जराशी कमी व्हायची, मग इन्सुलिन जुळवायचं, मग सांधे दुखायचे, मग थांबायचं. चालणं जमत नव्हतं म्हणून ती खुर्चीत बसून दोन्ही हातांत दोऱ्याची मोठी रिळं घेऊन व्यायाम करायची. एखाद्या आठवड्यात दोनशे ग्रॅम उतरायचे. "दोनशे ग्रॅम म्हणजे बटणांची पिशवी," ती म्हणायची आणि कामाला लागायची. अकराची बिस्किटं मालकांसमोर खायची, न लाजता.

अकरा महिने. काटा त्र्याऐंशी पूर्णांक चार.

"ब्याऐंशी म्हणालो होतो," हाडांचे डॉक्टर.

"म्हणाला होतात. आता शुगरचा कागद वाचा."

त्यांनी वाचला. परत वाचला. "चालेल. मंगळवारी."

बाबांनी श्वास सोडला, तोच आत्या म्हणाली, "मंगळवारी जमणार नाही."

"ताई!"

"तू गप रे. चारशे पँटा आखून पडल्यात. गुरुवारी करा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच पूर्ण वाक्य बोलले. "बाई, लोक माझी वेळ मागतात, मी तुमची मागतोय."

"मग गुरुवार लिहा."

उजवा गुडघा झाला. डाव्याची तारीख अजून घ्यायचीय. सध्या ती सकाळी दोन तास टेबलाशी उभी राहते, मग स्टूल. परवा मालक घड्याळ दाखवत खाली आले. "म्हणजे काय आहे ना मास्तर, दोन तास झाले. बसा."

"एवढे चाळीस थर होऊ देत," आत्या म्हणाली, आणि कात्री पुढे सरकली.