अंदाज बरोबर निघाला

"सर, हिरवा द्या आणि विषय संपवा," शिंदे फोनवर म्हणाले.

हिरवा मी दिलेलाच होता. वाद खालच्या एका ओळीचा होता.

शिंदे आमच्या कंपनीचे ऑपरेशन्स मॅनेजर. ते मुंबईत बसायचे, मी औरंगपुऱ्यातल्या माझ्या घरी. सरकारी हवामान खात्यातून रिटायर झाल्यावर मी ही खासगी नोकरी धरली होती. अरबी समुद्राचा अंदाज संभाजीनगरात बसून लिहितो म्हणून ओळखीचे लोक हसायचे. पण अंदाज खिडकीतून बघून लिहीत नाहीत. उपग्रहाची चित्रं आणि कॉम्प्युटरची मॉडेल्स कुठेही दिसतात.

आमचा क्लायंट कोकणात एका खाडीच्या तोंडाशी जेटी बांधत होता. रोज सकाळी त्याला बुलेटिन जायचं. लाटेची उंची करारातल्या मर्यादेखाली असेल तर हिरवा, मर्यादेजवळ असेल तर पिवळा, वर गेली तर लाल. हिरवा असला तरच बार्ज खाडीबाहेर काढायची. बार्ज म्हणजे इंजिन नसलेला लोखंडी तराफा. यांच्या बार्जवर क्रेन होती, आणि टग नावाची छोटी बोट तिला दोराने ओढायची.

मागच्या आठवड्यात मी पिवळा दिला आणि समुद्र सपाट राहिला. क्रेन बसून राहिली. क्लायंट शिंद्यांवर ओरडला, शिंदे माझ्यावर. फुकट गेलेला इशारा आमच्या धंद्यात फार लागतो. त्यानंतरचे काही दिवस हात आपोआप आखडतो.

त्या सकाळी वारा नव्हता, आकाश स्वच्छ होतं, उंची मर्यादेच्या बरीच खाली. तरीही मी शेवटी लिहिलं होतं, "दक्षिणेकडून लांब स्वेल येण्याची शक्यता. खाडीच्या तोंडाशी सावध राहावे."

स्वेल म्हणजे दूरच्या वादळाने उठवलेल्या लाटा. हिंदी महासागराच्या पार दक्षिण टोकाला वादळ होतं आणि विरून जातं. त्याच्या लाटा मात्र काही दिवस चालत आपल्या किनाऱ्यावर येतात, वारा नसताना, कडक उन्हात. भर समुद्रात त्या दिसतही नाहीत, कारण उंची थोडी आणि दोन लाटांमधलं अंतर फार मोठं. पण खाडीच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा असतो. तिथे पाणी उथळ झालं की तीच लाट एकदम उभी राहते.

करारात फक्त उंची विचारलेली होती. दोन लाटांमधल्या वेळेला रकानाच नव्हता.

"ती ओळ काढा," शिंदे म्हणाले. "क्लायंट विचारणार, सावध राहायचं तर हिरवा कसा? आणि हिरवा आहे तर सावध कशाला?"

"दोन्ही खरं आहे, शिंदे."

"खरं असेल सर, पण मला त्याला एकच सांगायचंय."

मी ओळ काढली. बुलेटिन गेलं.

थोड्या वेळाने युसूफचा फोन आला. युसूफ त्या बार्जवर वेल्डर होता. त्याचे वडील हमीदभाई यांचं शहागंजात गाद्या-रजयांचं दुकान आहे, आमच्या घरची गादी तिथेच भरली जाते. त्यांनी एकदा पोरासाठी शब्द टाकला, मी शिंद्यांकडे टाकला, आणि युसूफला ही नोकरी लागली. तिशीतला माणूस, दोन मुलींचा बाप. फोन करायचा तो बहुधा गंमत म्हणूनच.

"सलाम चाचा. हितले लोक हसायलेत मला. म्हन्तेत, सूखे इलाके का तेरा चाचा समुंदर काय सांगनार!"

"सांग त्यांना, अजून एकदाही भिजलेलो नाही."

तो हसला. मग म्हणाला, "चाचा, येक इचारू? वारा नाय, पानी काच के माफिक हाय. पन बार्ज बांधल्या जागी खाली-वर व्हायली. लई हळू. दोर करकर करायलेत. आमच्या पैठनच्या धरनात हे नखरे नाय बघितले कधी."

"किती हळू?"

"येकदा वर गेली की चहाचे चार घोट घ्यावेत आरामात, मग खाली."

मला कळलं. स्वेल आलेली होती, मॉडेलने सांगितलं होतं त्याच्या आधी.

"चाचा, जाऊ ना? टग चालवनारे तांडेलबी म्हन्ते पानी बरं नाय वाटत. पन साईटचा साहेब हिरवा दाखवायलाय. तुम्ही नको म्हनले तर पोट दुखायलंय म्हनून ऱ्हातो मी हितंच."

"थांब, विचारून सांगतो," म्हणालो.

शिंद्यांना फोन लावला. "रंग बदलू या. स्वेल पोचलीय."

"बॉयचा आकडा आहे?" बॉय म्हणजे समुद्रात तरंगणारं, लाटा मोजणारं यंत्र.

"बॉयवर उंची कमीच दिसणार. बार्जवरच्या माणसाने सांगितलंय."

"कोणी? तुमच्या त्या वेल्डरने?" शिंदे हसले. "सर, वेल्डरच्या फोनवर रंग बदलला तर उद्या बुलेटिन त्यालाच लिहायला सांगतील."

मी फोन ठेवला. मागच्या आठवड्यातला पिवळा मनात होता. पुन्हा चुकलो तर या वयात मला कोण ठेवून घेणार, हेही मनात होतं.

युसूफला उलटा फोन केला. "हिरवा आहे. जा."

"बस, चाचा. तुम्ही बोलले म्हनजे झालं."

बार्ज खाडीच्या तोंडाशी पोचली तेव्हा लाटा उभ्या राहिल्या. ओढणारा दोर तुटला, क्रेन कलली आणि बार्ज उलटली. टगच्या रघुनाथ तांडेलांनी टग त्याच लाटांत परत घातली आणि बाकी सगळ्यांना वर काढलं. युसूफ सापडला तो नंतर, किनाऱ्याला लागलेला.

चौकशीत मला व्हिडिओ कॉलवर घेतलं.

"बुलेटिन हिरवं होतं?"

"होय."

"बॉयने मोजलेली उंची मर्यादेत होती?"

"होय."

"थँक यू."

त्यांनी आणखी काही विचारलं नाही. मीही बोललो नाही.

तांडेलांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "मला पाणी बरं वाटत नव्हतं." प्रामाणिक माणूस. तेच त्यांच्यावर उलटलं. बरं वाटत नव्हतं तर गेलास कशाला? निष्काळजीपणाचा ठपका ठेवून त्यांचं लायसन्स काढून घेतलं. आमच्या कंपनीत महिन्याअखेर अंदाज तपासतात. त्या दिवसाचा माझा अंदाज बरोबर धरला गेला.

नोकरी सोडल्यावर मी चौकशी अधिकाऱ्यांना सगळं कळवलं. प्रकरण बंद झालं आहे, एवढंच उत्तर आलं. शिंदे आता फोन उचलत नाहीत.

हमीदभाई मात्र भेटेल त्याला सांगायचे, त्या तांडेलाने माझं पोरगं मारलं. ते ऐकवेना. एका दुपारी शहागंजात गेलो. ते रजईला टाके घालत होते. मला बघून त्यांनी चहा मागवला.

"आपने तो उसको नोकरी लगाई, साब," ते म्हणाले. "आपका क्या कसूर."

मी सगळं सांगितलं. काढलेली ओळ, दोर, स्वेल. ते टाके घालत राहिले. समुद्राचं त्यांना फारसं कळलं नसावं. मग शेवटचा फोन सांगितला, तेव्हा सुई थांबली.

"उसने पूछा था आपको? जाऊ का म्हनून?"

"हो."

"पेट का बहाना करके रुकतो, असं बोलला होता?"

"हो."

त्यांनी रजईची घडी घातली. चहाचा माझा ग्लास उचलला, भरलेलाच होता, आणि बाहेर नालीत ओतला. भर दुपारी शटर निम्म्यावर ओढलं.

"दुकान बंद करायचंय, साब," ते म्हणाले.

त्यानंतर मी शहागंजात गेलेलो नाही. तांडेलांना लायसन्स अजून परत मिळालेलं नाही.

समुद्रावर काम करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. बुलेटिनमध्ये जे विचारलेलं असतं, त्याचंच उत्तर असतं. दोर करकरत असतील तर पोट दुखतंय म्हणावं, आणि त्यासाठी कोणालाही फोन करू नये.