अंडं की नासपती

‘आयरीनच्या कानात काही सांगायचं म्हणजे ते चर्चच्या दारावर चिकटवायचं,’ असे रिव्हरहेडच्या शेजारणी म्हणत. म्हणूनच प्रयोगशाळेने वर्षाचे सर्वांत मोठे गुपित आयरीन ग्रॅबोव्हस्कीच्या स्वाधीन केले, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

काम तिच्या रोजच्या हातचे होते. अणूंची केंद्रके प्रकाशाच्या वेगाला टेकतील इतकी पळवून एकमेकांवर आदळवायची. उडालेल्या कणांच्या शिंतोड्यांवरून शास्त्रज्ञ केंद्रकाचा आकार ताडत. या हंगामात दोन जातींची केंद्रके होती, वजनाने सारखी. एक दिवस एक, दुसऱ्या दिवशी कदाचित तेच, कदाचित दुसरे. आज कोणते, हे फक्त यंत्र चालवणाऱ्या आयरीनला ठाऊक. शास्त्रज्ञांना फक्त दिवसाचा क्रमांक मिळे. नाव आधी कळले तर माणूस नकळत हवे तेच उत्तर काढतो. गुपित फुटले, तर सारा हंगाम कचऱ्यात जाणार होता.

डॉ. लिओनार्ड स्कालीसींना धीर नव्हता. एक जात अंड्यासारखी लांबट, दुसरी नासपतीसारखी, असे त्यांचे वीस वर्षांचे मत. निवृत्तीला उरले होते चार महिने. ते रोज सकाळी केक घेऊन येत.

“आयरीन, नुसती मान हलव. अंडं की नासपती?”

“डॉक्टर, नोकरी घालवाल माझी.” मग केकचा तुकडा तोंडात टाकून, इकडेतिकडे पाहून ती कुजबुजे, “अंडं. पण माझं नाव घ्यायचं नाही हं!”

सहा आठवड्यांनी भर बैठकीत स्कालीसींनी आलेख लावला; प्रत्येक दिवसापुढे केंद्रकाचे नाव लिहिलेले. रेघ त्यांच्या मतावर काटेकोर बसली होती. प्रमुख मिसेस ओडेल यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“लिओनार्ड, कोणत्या दिवशी कोणतं केंद्रक होतं, हे तुला कुणी सांगितलं?”

स्कालीसी बुटांकडे पाहू लागले. आयरीनला बोलावणे गेले. ती हातातला कप न ठेवताच आली.

“आयरीन, तू याला सांगितलंस?”

“रोज सांगितलं.”

“म्हणजे हंगाम बुडाला! दोनशे माणसांची मेहनत!”

“काही बुडालं नाही. खरं काय ते माझ्या कुलपात आहे.”

“मग याला काय सांगत होतीस?” ओडेलबाई ओरडल्या. “आणि याचा आलेख इतका सुरेख जुळला कसा?”

आयरीनने कॉफीचा घोट घेतला.

“मी रोज सकाळी नाणं उडवायचे. छापा आला तर अंडं, काटा आला तर नासपती. जुळला कसा, ते डॉक्टरांना विचारा.”